गप्प राहिलेल्यांचा रकाना

आवक-जावकचं रजिस्टर मी पाहिलं आहे, हजेरीचं पाहिलं आहे, एका संस्थेत तर फुटलेल्या कपबशांचंही पाहिलं आहे. पण कोण काय बोललं नाही, याची नोंद ठेवणारं रजिस्टर आयुष्यात एकच पाहिलं. ते अकोल्याच्या एका बियाणे कंपनीत, प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या काखेत असायचं. प्रमुख म्हणजे त्या प्रयोगशाळेत ते एकटेच होते. पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणायचो, आणि म्हणता म्हणता त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान मीच केलं.

चाचांचं काम सांगायला सोपं होतं. शेतातून आलेलं बियाणं यंत्रावर चाळून त्याचे लॉट पडत. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे चाचा ओल्या कागदात नाहीतर वाळूच्या ट्रेमध्ये ठेवत आणि किती उगवतात ते मोजत. सोयाबीनचे सत्तर उगवले तर लॉट पास, एकोणसत्तर उगवले तर नापास. उगवणे हा शब्द मात्र ते वापरत नसत. ट्रेकडे बघत म्हणत, "हा उठते." किंवा, "हा काही उठत नाई बावा. गाढ झोपला हाय." आकडा नंतर. चाळीस वर्षं दाण्यांशी संगत केल्यावर माणूस त्यांच्याबद्दल घरातल्यासारखा बोलू लागतो, असं मी तेव्हा समजलो होतो. आणि अशा माणसाला निवृत्तीची गरज आहे, असंही समजलो होतो.

पण त्यांचं खरं काम प्रयोगशाळेत चालतच नसे. रोज अकराच्या ठोक्याला ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत, रजिस्टर काखेत मारत आणि कंपनीत फेरीला निघत. आधी चाळणी यंत्र, मग निवड करणाऱ्या बाया, मग गोदाम, शेवटी माल पाठवणारी खिडकी. प्रत्येक ठिकाणी ते बसत. उभ्याउभ्या बोलणं त्यांना मंजूर नव्हतं. "घरी बरं हाय?" इथून सुरुवात. मग लॉटची चिठ्ठी पुढे ठेवून एकच प्रश्न, "काय म्हन्ता मंग?" आणि तोंडात सुपारीचं खांड. ते विरघळेपर्यंत चाचा एक शब्द बोलत नसत. समोरचा लॉटबद्दल काही बोलला तर ऐकून उठायचं. नाही बोलला, तर रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात त्याचं नाव टाकायचं आणि तो लॉट त्या दिवशी अडवून ठेवायचा.

त्या रकान्याला वर मथळा नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी विचारलं, "ही सह्या करणाऱ्यांची नावं का?"

"नाई. हे काही नाई बोलले."

"मग बरंच आहे की. म्हणजे त्यांची काही तक्रार नाही."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते कागदात न उगवलेल्या दाण्याकडे पाहत. "इंजिनेर साहेब, तुमी अमरावतीचे न?"

"हो."

"मंग पुन्यात काय शिकले?"

पुण्यात मी जे शिकलो होतो, त्याच्याच जिवावर या कंपनीत आलो होतो. ती वर्षं आठवा. वऱ्हाडावर इतके अहवाल लिहिले जात होते, की कागदाच्या भारानेच जमीन दबत असेल. दिल्लीची पथकं यायची, पांढऱ्या गाड्यांची रांग बांधावर थांबायची, मंडळी मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोटो काढायची आणि संध्याकाळी अमरावतीच्या विश्रामगृहात चर्चा व्हायची. जो तो आपापला इलाज सांगायचा. आमच्या कंपनीचे सरव्यवस्थापक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, त्यांचं निदान असं होतं, की वऱ्हाडाचा मूळ प्रश्न प्रक्रियेचा आहे. आणि प्रक्रियेचा माणूस म्हणून त्यांनी मला आणलं.

मी जी वस्तू आणली तिचा मला फार अभिमान होता. एकाच पडद्यावर दोन गोष्टी. वरच्या बाजूला कामाची वाट: लॉट कुठून निघाला, आता कुणाच्या टेबलावर आहे, पुढे कुठे जाणार. आणि खाली, त्या लॉटच्याच पोटात, गप्पांची भिंत. ज्याला जे म्हणायचं ते त्याने तिथेच लिहायचं, सगळ्यांनी ते वाचायचं. फाईल नको, फेरी नको, बैठक नको. मी तिला नाव दिलं 'चावडी'. नाव ऐकून साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना कंपनीतर्फे मोबाइल दिले.

प्रशिक्षणाच्या दिवशी गोदामात सतरंजी घातली होती. मी पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवत होतो. निवडीवरच्या एक बाई मागून म्हणाल्या, "म्हंजे आता चाचा येनार नाई का आमच्याकडे?"

मी म्हणालो, "यायची गरजच नाही. तुम्ही इथे लिहा, ते तिकडे वाचतील."

"अन् मले लिवता नाई येत तं?"

"बोलून रेकॉर्ड करता येतं."

"सायेब आयकतीन थे?"

"सगळेच ऐकतील."

"मंग मले काई बोलाचं नाई," बाई म्हणाल्या आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. कार्यक्रम रंगला असं मला वाटलं.

चावडी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत भिंत भरून वाहू लागली. सकाळी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. साहेब डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याचं चित्र टाकून खाली आयुष्याविषयी एक ओळ लिहीत, त्यावर चाळीस जण 'खूप छान सर' म्हणत. सोयाबीनच्या एका लॉटखाली, निळ्या झाकणाचा डबा कुणाचा राहिला आहे, यावर दोन दिवस चर्चा झाली. मी या सगळ्याची मोजणी करून दर महिन्याला 'सहभाग' या नावाचा आलेख काढायचो. आलेख चढतच गेला. त्यातला अर्धा चढ त्या डब्याचा होता, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

चाचांचं मात्र भिंतीवर एक अक्षर नसे. उगवणीचा आकडा टाकत, बस्स. आणि अकरा वाजले की घड्याळ खिशात, रजिस्टर काखेत.

मग मी तो पराक्रम केला. तीन दिवस चाचांच्या मागे घड्याळ घेऊन हिंडलो. ते बसले की मी बसायचो, ते उठले की मी उठायचो. बाया तोंडाला पदर लावून आम्हा दोघांकडे बघत. हिशेब असा निघाला: फेरी सरासरी तीन तास दहा मिनिटं. त्यात प्रत्यक्ष बोलणं चाळीस मिनिटं. उरलेला वेळ दोन माणसं एकमेकांसमोर नुसती बसलेली. तक्त्यात मी त्या वेळेला 'प्रतीक्षा' नाव दिलं आणि तो चौकोन लाल रंगवला. लाल म्हणजे वाया जाणारा वेळ. साहेबांनी तो तक्ता पाहिला आणि म्हणाले, "हे काढून टाका."

फेरी बंद झाली. तिच्या जागी मी एक नियम बसवला, माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला. लॉटची माहिती भिंतीवर पडल्यापासून चोवीस तासांत कुणी हरकत लिहिली नाही, तर लॉट आपोआप पुढे जाईल. कोपऱ्यात उलट्या दिशेने चालणारं घड्याळही बसवलं. मोठं देखणं दिसायचं.

चाचांना मी हे सांगायला गेलो, तेव्हा ते ट्रेमधल्या वाळूवर पाणी शिंपडत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोक जे बोलते, थे तुमची मशीन लिवून घेते. जे नाई बोलत, थे कुठी जाते?"

"चाचा, हरकत असेल तर लोक लिहितील ना."

"सायबाच्या डोयासमोर?"

"पारदर्शकता म्हणतात त्याला."

"अस्सं," चाचा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी घड्याळ मनगटावरून काढलं नाही. अकरा वाजता ते प्रयोगशाळेत स्टुलावर बसून राहत. बायांनी त्यांचा चहा दोन दिवस राखून ठेवला आणि मग बंद केला.

मेच्या अखेरीस सोयाबीनचा एक मोठा लॉट निघाला. चाचांनी एप्रिलमध्येच तो तपासला होता, शंभरात अठ्ठ्याहत्तर. आता फक्त गोदाम आणि माल पाठवणारी खिडकी यांची हरकत नको होती. भिंतीवर लॉट पडला, उलटं घड्याळ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, चोवीस तास भरायला तास-दीड तास राहिला असेल, चाचा माझ्या टेबलापाशी आले. ते कधी येत नसत. हातात कंपनीचा मोबाइल, तोही उलटा धरलेला.

"प्रकाश गप्प हाय," ते म्हणाले.

प्रकाशभाऊ म्हणजे आमचे गोदामवाले. मी पडदा बघितला. "हरकत नाहीये त्यांची."

"रोज सगळ्या लॉटच्या खाली गुलाब टाकते तो. या लॉटखाली नाई टाकला."

खरं होतं. इतर सहा लॉटखाली प्रकाशभाऊंचा गुलाब होता. या एकाखाली नव्हता. मी हसून म्हणालो, "चाचा, गुलाब नाही म्हणून मी दोन ट्रक अडवू का? साहेबांना काय सांगू?"

"जाऊन इचारा त्याले."

"भिंतीवर विचारतो." आणि मी खरोखर विचारलं. लिहिलं, 'प्रकाशभाऊ, काही हरकत?' साहेबांसकट सगळ्या कंपनीसमोर. प्रकाशभाऊंनी एका मिनिटात जोडलेले हात पाठवले. मी ते चाचांना विजयाने दाखवलं. चाचा मोबाइल खिशात घालून गेले. दुपारी एक ट्रक चांदूर रेल्वेला गेला, एक नांदगाव खंडेश्वरला.

त्याच दुपारी चाचा, फेरीला बंदी असताना, गोदामात जाऊन बसले. सुपारीचं एक खांड संपलं, दुसरं संपलं, तेव्हा प्रकाशभाऊ बोलले. झालं होतं ते असं. मेच्या सुरुवातीला नव्या मालाला जागा हवी म्हणून साहेबांनी तो लॉट तापलेल्या टिनाखाली हलवायला लावला होता, आणि थप्पी सोळा-सोळा पोत्यांची. सोयाबीनचा दाणा नाजूक. वरून पोती आपटत रचली, खालची दबली, वरून टिन भाजत राहिलं. प्रकाशभाऊंनी तेव्हाच ओळखलं होतं. पण थप्पी लावायला सांगणारे साहेब, आणि भिंतीवर पहिले वाचणारेही साहेब.

"लिवाचं कसं, चाचा?" प्रकाशभाऊ म्हणाले. "लेकराची शाळा हाय, नोकरी हाय. तुमी येसान तं सांगीन, असं वाटे. तुमी आलेच नाई."

हे मला चाचांनी नंतर सांगितलं, त्याच शब्दांत, स्वतःकडचं काही न घालता.

गोदामात त्या लॉटची बावीस पोती उरली होती. चाचांनी त्यातले शंभर दाणे वाळूत टाकले. पाचव्या दिवशी ट्रे घेऊन ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच होतो, सहभागाचा आलेख दाखवत. ट्रेमध्ये एक्केचाळीस कोंब होते, आणि त्यातलेही काही वाकडे.

"सायेब, हा झोपला हाय," चाचा म्हणाले. "दुकानातून वापस आना. पेरनीले आठ दिस हायेत. लोकाच्या वावरात गेला तं त्याईले दुसऱ्यांदा पेरा लागीन, अन् तवरीक पानी राहीन का नाई, कोन सांगते?"

साहेबांनी ट्रे बोटाने थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बघू."

साहेबांना नाही म्हणायचं असलं की ते बघू म्हणत आणि त्यानंतर तो विषय त्यांच्या कानापर्यंत पोचणं बंद होई. चाचांनी तिथल्या तिथे रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या रकान्यात साहेबांचं नाव लिहिलं. साहेबांना वाटलं, त्यांनी आदेश टिपून घेतला.

संध्याकाळी चाचा माझ्याकडे आले आणि स्टूल ओढून बसले. "तुमचा तो चोवीस घंट्याचा कायदा," त्यांनी विचारलं, "सायबालेही हाय का?"

मी आठवून पाहिलं. मी संपूर्णपणाचा भोक्ता असल्यामुळे, कधी लागणार नाही अशी 'लॉट परत मागवणे' ही प्रक्रियाही चावडीत काढून ठेवली होती. प्रयोगशाळेने ती सुरू करायची, साहेबांनी मंजुरी द्यायची, आणि मंजुरी मिळताच सगळ्या दुकानदारांना आपोआप संदेश. साहेबांना वेगळा नियम? त्यांनी मला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं, 'तो चोवीस तासांचा नियम माझ्यापुरता काढून टाका.' ते काम माझ्या यादीत तिसऱ्या नंबरावर होतं. पहिल्या नंबरावर वाढदिवसाच्या शुभेच्छांना फुगे लावणं होतं, आणि मी फुग्यांतच अडकलो होतो.

"सगळ्यांनाच आहे," मी म्हणालो. "अजून तरी."

चाचांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "मले दाखवून द्या कुठी दाबा लागते थे."

भिंतीवर लॉट परत मागवायची मागणी पडली, सोबत ट्रेचा फोटो. उलटं घड्याळ सुरू झालं. सगळी कंपनी बघत होती, आणि त्या दिवशी भिंतीवर एक गुलाब उमलला नाही. साहेबांनीही काही लिहिलं नाही. त्यांनी काय लिहायचं होतं? 'परत मागवू नका' असं? एक्केचाळीस कोंबांच्या फोटोखाली, मालकांपासून निवडीवरच्या बायांपर्यंत सगळ्यांसमोर? त्यांनी नेहमीचंच केलं. ते गप्प बसले. त्यांच्या हिशेबाने विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन तास उरले असताना, माझा फोन वाजला. साहेब. "माझं ते काम झालं ना? नियमाचं?"

आता मी इथे छातीवर हात ठेवून सांगू शकतो, की मी त्या क्षणी धैर्य दाखवलं. पुढे दोन-तीन जणांनी ते तसं सांगितलंही आणि मी खोडलं नाही. पण खरी गोष्ट अशी, की दोन वर्षं साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला 'झालं सर' म्हणायची माझ्या जिभेला सवय होती. ती म्हणाली, "झालं सर." दहा मिनिटांचं काम होतं. तो अपवाद घातला की माझं बोलणं खरं होणार होतं आणि नोकरी शाबूत राहणार होती. मी तो पडदा उघडला. चाचा समोर स्टुलावर होते. त्यांना त्या पडद्यातलं काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे ते बघत होते. मनगटावरचं घड्याळ त्यांनी केव्हा खिशात टाकलं होतं ते मला दिसलं नाही.

मी पडदा मिटला आणि चहा प्यायला गेलो. वाईट चहा होता, पण मी तीन कप प्यायलो. परत आलो तेव्हा पडद्यावरचं उलटं घड्याळ शून्यावर थांबलं होतं, साहेबांची मंजुरी आपोआप पडली होती आणि दोन्ही तालुक्यांच्या कृषी केंद्रांत मोबाइल वाजू लागले होते.

साहेबांचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण त्यांचं फार चांगलं झालं. संदेश गेल्यावर तो मागे घेणं म्हणजे खराब बियाणं विका असं लिहून देणं, तेव्हा त्यांनी तेही केलं नाही. पुढे पुण्याच्या एका परिषदेत, एकही बैठक न घेता चोवीस तासांत लॉट परत मागवण्याचा धाडसी निर्णय आपण कसा घेतला, यावर ते अर्धा तास बोलले. मागच्या पडद्यावर माझा आलेख होता. मला दिवाळीनंतर कामावरून कमी केलं. कारण विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "बघू."

पोती परत आली, जवळजवळ सगळी. दुकानदारांना बदली माल मिळणार असल्यामुळे त्यांनी कुरकुर केली नाही. विकलेल्या पिशव्यांसाठी चाचा गावोगाव फिरले. कंपनीची जीप, पाठीमागे बदली बियाणं, आणि शेजारी मी, कारण चाचांनी साहेबांना सांगितलं होतं की पत्ते मशीनमध्ये आहेत आणि मशीन याला समजते. पत्ते कागदावर होते. बहुतेकांनी पिशव्या अजून फोडल्याही नव्हत्या. एकाने तर गोणपाटात दाणे घालून आधीच तपासलं होतं आणि आम्हाला बघताच म्हणाला, "येच सांगाले येनार होतो. तिकिटाचं कोन देते म्हनून राहिलो."

शेवटच्या तीन पिशव्या नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावात होत्या, आणि त्या जमिनीत गेल्या होत्या. घेणाऱ्या बाईंच्या विहिरीला पाणी होतं. तुषार सिंचनाचे फवारे लावून त्यांनी सगळ्यांच्या आधी पेरून टाकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्या आणि त्यांच्या जाऊबाई बांधावर उभ्या होत्या. काळ्या जमिनीवर हिरवे कोंब होते, पण सलग ओळ कुठेच नव्हती. चार कोंब, मग हातभर काही नाही, मग दोन.

चाचा चपला काढून वावरात गेले, वाकून बघितलं आणि परत आले. "बाई, ह्या थैलीवर सही माही हाय," ते म्हणाले. "बियानं खराब निंगालं. बदली आनलं हाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग जीपकडे. "खराब हाय हे तुमच्यात कोनालेच ठाव नोतं?"

चाचा उत्तर देतील म्हणून मी थांबलो. ते माझ्याकडे पाहू लागले. मग मी समजावून सांगायला सुरुवात केली. चौकोन सांगितले, बाण सांगितले, भिंत सांगितली, चोवीस तास सांगितले. हातांनी हवेत काढूनही दाखवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. इतकं लक्ष देऊन माझं सादरीकरण त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे एका मानसाले ठाव होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् तुमी त्याले इचारलं नाई."

"विचारलं होतं. म्हणजे, संगणकावर लिहून."

"तो कुठी राहते? मुंबईले?"

"नाही. गोदामात. माझ्या खोलीपासून... शंभर पावलं असेल."

जाऊबाईंनी तोंड फिरवलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विहिरीजवळून दोन खुरपी आणली, एक चाचांना दिलं, एक मला. "चपला काढा," त्या मला म्हणाल्या. "जिथी उगवलं नाई तिथी टोबा. तीन-तीन दाने. दोघी जनीनं एवढं वावर आज होत नाई, अन् उद्या तुषार शेजाऱ्याले द्याचा हाय."

ऊन डोक्यावर होतं. चौघांनी ओळी वाटून घेतल्या. मी इरेला पेटलो होतो. इतरांच्या पुढे जायचं असं ठरवून खुरपं मारत, दाणे टाकत, माती लोटत निघालो आणि तीन ओळी सगळ्यांच्या आधी संपवल्या. कमरेत कळ आली तेव्हा उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. बाई माझ्या पहिल्या ओळीत उकिडव्या बसल्या होत्या. बोटाने माती उकरत होत्या. बोट आत गेलं, आणखी गेलं, अर्धं नाहीसं झालं, तेव्हा कुठे दाणे लागले.

"इतक्या खोल टाकलं तं चांगलं बियानंही वर येत नाई, सायेब," त्या म्हणाल्या. "किती खोल टाकाव, इचारलं काहून नाई?"

मी परत त्यांच्यापर्यंत चालत गेलो, शेजारी बसलो आणि विचारलं. त्यांनी बोटाचं एक पेर दाखवलं. मी पहिल्या ओळीपासून दाणे उकरायला सुरुवात केली.